गाडीत उगवलेली दादर

आमच्या गाडीत पाणी येतं हे सर्वांत आधी प्रमिलाच्या पायांना कळलं. आम्ही भाजी घेऊन घरी येत होतो आणि ती म्हणाली, "अहो, माझे पाय ओले झाले." मी म्हणालो, "मेथी धुतलेली असेल." सगळी नोकरी प्राथमिक शाळेत काढल्यामुळे कुठल्याही तक्रारीचं आधी सोपं कारण शोधायची मला सवय आहे. पोट दुखतं म्हणणाऱ्या पोराला मी आधी विचारायचो, गृहपाठ झाला का? बहुतेक पोटं तिथेच थांबायची. पण पुढच्या चौकात मी ब्रेक दाबला आणि सीटखालून पाण्याची एक लाट मागून पुढे आली. त्या लाटेवर प्रमिलाची एक चप्पल होती. मेथीत एवढं पाणी नसतं.

एरवी मी ते तसंच राहू दिलं असतं. निवृत्त माणसाच्या गाडीला थोडं पाणी लागलं म्हणून जगाचं काही अडत नाही. पण त्याच संध्याकाळी धुळ्याहून अक्काचा फोन आला.

अक्का म्हणजे माझी मोठी बहीण, द्रौपदाबाई. तिच्या सासरी श्रावणात कानबाई बसते. खानदेशाबाहेरच्या वाचकांना सांगतो, सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला नाक-डोळे काढून, नथ-पातळ लेववून कानबाईची स्थापना करतात, रात्रभर जागवतात आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर नेतात. अक्का लग्न होऊन गेली तेव्हापासून तिच्या घरची कानबाई तिच्याच हातून पांझरा नदीवर जात होती. गेल्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला. मिरवणूक गेली आणि अक्का उंबऱ्यावर बसून वाजंत्री लांब जाताना ऐकत राहिली. ती कधी रडत नाही, पण त्या दिवशी तिने सुनेला चहाला नाही म्हटलं होतं. अक्काच्या बाबतीत हे रडण्याच्या वरचं आहे.

"बापू," ती फोनवर आमच्या अहिराणीत म्हणाली, "यंदा मी घरमा बसाव नही. तू गाडी लई ये. मना पाय आते चालतस नही."

"अक्का, युवराज रिक्षा करेल ना." युवराज म्हणजे तिचा मुलगा.

"रिक्षामा कानबाई नही जास. माहेरनी गाडी शे ना मनी? का नही शे?"

"आहे, अक्का," मी म्हणालो. त्या वेळी माहेरची गाडी दारात उभी होती आणि तिच्या खालून थेंब थेंब पाणी गळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीचं दार उघडून आत वाकलो, एवढंच. आमच्या जळगावच्या कॉलनीत माणूस गाडीत वाकलेला दिसला की तो सल्ला मागतो आहे असं समजतात. शेजारचे पंडितभाऊ दात घासतच आले. ते वीज मंडळातून निवृत्त झाले आहेत आणि पाणी, वीज, लग्नं या तिन्ही विषयांत त्यांना कुणी हरवू शकत नाही.

"रबर," ते म्हणाले. "दाराचं रबर गेलं गुरुजी. आपल्या उन्हात रबराचा पापड होतो. मे महिन्यात गाडी उन्हात ठेवली ना?"

"निंबाखाली ठेवली होती."

"मग निंबानेच खाल्लं."

समोरचे अभिमन आबा काठी टेकत आले. त्यांच्या मते पाणी पाऊसबिऊस काही नव्हतं, ते एसीचं होतं. "गार हवा आली की पाणी येणारच. आम्ही कधी एसी लावला नाही, आमच्याकडे कधी पाणी आलं नाही." आबांकडे गाडी नाही हे मी त्यांना सांगितलं नाही. वडीलधाऱ्यांचा मान ठेवावा, हे मी मुलांना शिकवत आलो आहे.

मी ठरवलं की पद्धतशीर शोध घ्यायचा. संध्याकाळी माझ्या ओसरीवर कॉलनीतली मुलं पाढे म्हणायला येतात. त्यांना मी म्हटलं, आज प्रयोग. सगळ्यांना गाडीत बसवलं आणि सांगितलं, मी वरून नळीने पाणी सोडतो, ज्याच्या अंगावर थेंब पडेल त्याने हात वर करायचा. मी नळी सोडली. आतून सगळे हात वर झाले. एवढ्या नोकरीत संपूर्ण वर्गाने एकदम हात वर केल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं. क्षणभर डोळे भरून आले. पंडितभाऊंनी निष्कर्ष काढला, "सगळीकडून येतंय!" मुलांना पुसून घरी पाठवल्यावर प्रमिलाने दाखवलं की मागच्या दोन्ही काचा पोरांनी खाली केलेल्या होत्या. पण तोवर पंडितभाऊंनी तोतारामला फोन लावला होता.

तोताराम हा आमच्या भागातला नावाजलेला मिस्त्री. त्याचा आवाज मोठा आणि उत्तर एकच. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, छतावर थाप मारली आणि म्हणाला, "गुरुजी, काही टेन्शन घेऊ नका. अशी पॅक करून देतो की हवा जाणार नाही."

"हवा जाऊ दे रे तोताराम, पाणी नको."

"दोन्ही नाही जाणार!"

त्याने गाडीच्या प्रत्येक फटीत काळा चिकट मसाला भरला. काचेभोवती, दारांभोवती, आणि मी थांबवेपर्यंत पेट्रोलच्या झाकणाभोवतीसुद्धा. गाडी घरी आली तेव्हा तिने डोळ्यांत काजळ घातल्यासारखं दिसत होतं. पुढच्या पावसात मी सकाळी दार उघडलं. पाणी आत आलंच होतं. पूर्वी ते कुठून तरी येऊन कुठून तरी निघून जायचं, आता जायची वाट तोतारामने बंद केली होती. मुलं म्हणाली, गुरुजी, हौद झाला. मी त्यांना कानांवर हात ठेवायला सांगितलं आणि तोतारामविषयी बोललो.

विजेची भानगड इथून सुरू झाली. डाव्या बाजूचा दिवा लावला की वायपर फिरू लागला. ब्रेक दाबला की आतला दिवा लागायचा. दारांची कुलपं आपली आपण खटकन लागायची, खटकन उघडायची, जणू आत कुणीतरी विचार बदलत बसलं आहे. आणि हॉर्न. त्याचं काहीच ठरलेलं नव्हतं. तो जिल्हा रुग्णालयापुढे जो सुरू झाला, तो थांबेचना. वाहतुकीच्या पोलिसाने हात केला. मी काच खाली करायला गेलो तर वायपर फिरला. पोलिसाने वाकून आत पाहिलं आणि तो म्हणाला, "गुरुजी! तुम्ही?"

माझा विद्यार्थी. चौथीत पहिल्या बाकावर असायचा.

"गुरुजी," तो हॉर्नच्या वरताण ओरडून म्हणाला, "तुम्हीच शिकवलं होतं, दवाखान्याजवळ हॉर्न वाजवू नये!"

"मी वाजवत नाहीये, बाळा!"

"आम्हीपण असंच म्हणायचो!"

त्याने मला सोडून दिलं. त्याने दंड केला असता तर मला बरं वाटलं असतं.

मग मी हितेंद्रकडे गेलो. तो गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो, अजिंठा चौफुलीच्या अलीकडे. पायाखालचं कार्पेट उचलून त्याने आत पाहिलं, बोट घातलं, ओलं बोट मला दाखवलं आणि झाकण लावून टाकलं. "गुरुजी, ही माझी केस नाही. पाण्याची केस आहे. आधी पाणी बंद करून आणा, मग वायर मी बघतो." मी चौफुलीच्या पलीकडे तोतारामकडे गेलो. तोताराम म्हणाला, "माझं पाणी बंद आहे. हे वायरिंग बिघडल्यामुळे आलेलं पाणी आहे. आधी वायर करून आणा." मी परत अलीकडे आलो. हितेंद्र जेवायला गेला होता. त्या आठवड्यात मी ती चौफुली इतक्या वेळा ओलांडली की तिथला शहाळीवाला मला लांबूनच नमस्कार करू लागला. दोघांना एका जागी आणावं म्हणून मी प्रयत्न केला, तेव्हा कळलं की त्यांच्यात मागे एका लग्नाच्या पंगतीवरून बोलणं बंद आहे. भांडलेल्या मुलांना मी एका बाकावर बसवत असे. यांना बसवण्याएवढा बाक माझ्याकडे नव्हता.

पंडितभाऊ म्हणाले, विमा कशासाठी असतो? विम्याच्या फोनवर एक मुलगी फार गोड बोलली.

"सर, गाडीत पाणी कुठून आलं?"

"वरून."

"पूर आला होता का सर?"

"नाही. पाऊस आला होता."

"म्हणजे गाडी पाण्यात गेली नाही. पाणी गाडीत गेलं."

"बरोबर," मी म्हणालो. उत्तर बरोबर आलं की बरोबर म्हणायची माझी सवय.

"मग त्याचे मिळत नाही सर. गाडी पाण्यात जायला पाहिजे." आणि तिने विचारलं की मी तिच्या सेवेवर समाधानी आहे का. मी आहे म्हणालो. तिची काय चूक?

अक्काचा फोन एक दिवसाआड येत होता. तिने नातेवाइकांना सांगून टाकलं होतं. सुनेने नवं पातळ आणलं होतं. गल्लीतल्या बायका विचारायला येत होत्या की अक्का खरंच गाडीत बसून येणार का? "मी सांगं, मना भाऊ येवाव शे," ती म्हणायची. मी म्हणायचो, "येतो, अक्का." आणि फोन ठेवून गाडीतलं पाणी तांब्याने काढायला जायचो.

शेवटी पंडितभाऊंना सुचलं. त्यांच्या पुतण्याचा मोबाइल मोरीत पडला होता, तो तांदळाच्या डब्यात ठेवल्यावर चालू झाला. "धान्य ओल ओढतं, गुरुजी. मोबाइलला तांदूळ, गाडीला ज्वारी. आणि ज्वारीत आपल्या दादरीसारखी ओढ कुणाला नाही."

दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी. तिची भाकरी एकदा खाल्ली की माणूस दुसऱ्या ज्वारीला नावं ठेवतो. प्रमिलाने वर्षाची दादर नुकतीच निवडून, कडुनिंबाचा पाला घालून कोठीत भरली होती.

"दादर?" ती म्हणाली. "भाकरीची? गाडीच्या पायाखाली?"

"अक्कासाठी," मी म्हणालो.

ती आत गेली आणि शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात कोठीचं झाकण काढलं.

पंडितभाऊंनी पिशवीत घालू दिली नाही. पिशवी मध्ये आली की दाण्याला ओल लागत नाही म्हणे. कार्पेटखाली, सीटखाली, मागे, सगळीकडे आम्ही दादर पसरली. बाहेरची दमट हवा आत जाऊ नये म्हणून काचा घट्ट लावल्या आणि गाडी अंगणात ठेवून दिली. मग मी मुलांना घेऊन ओसरीवर अपूर्णांक सुरू केले आणि बरेच दिवस गाडीकडे पाहिलं नाही. माणसाला थोडी विश्रांती लागते.

ज्या दिवशी पाहिलं त्या दिवशी काच आतून हिरवी दिसत होती.

दादर उगवली होती. नुसती मोड आलेली नव्हे, बोट बोट वाढलेली. गिअरच्या दांड्याच्या दोन्ही बाजूंनी, ब्रेकच्या मागून, प्रमिलाच्या पायांच्या जागेवर तर अगदी दाट. मुलं ओरडत धावत आली. आणि मला कबूल केलं पाहिजे की मी रागावण्याऐवजी शिकवायला लागलो. बी रुजायला पाणी, हवा आणि ऊब लागते, हा धडा मी आयुष्यभर ओल्या फडक्यावर शिकवला, आणि निम्म्या मुलांचं फडकं वाळून जायचं. इथे एकही दाणा वाया गेला नव्हता. कोंब उजेडाकडे कसे वळतात ते मी ड्रायव्हरच्या काचेशी दाखवलं. मुळं कार्पेटमध्ये कशी शिरली आहेत ते दाखवलं. मुलं इतकी रमली की काढायला गेलो तर म्हणाली, "गुरुजी, कणीस येऊ द्या ना!"

पंडितभाऊ कमरेवर हात ठेवून पाहत होते. "बघा," ते म्हणाले, "दादरीने पाणी ओढलं की नाही?"

आम्ही गाडी निंदून काढली. दुसरा शब्द नाही. पण दाण्याच्या वासाने तोवर उंदीर आत आला होता आणि दादर संपल्यावर तो वायरींकडे वळला. मी गाडी हितेंद्रकडे ओढून नेली. कुरतडलेली वायर पाहून त्याचा चेहरा उजळला. "आता ही माझी केस आहे, गुरुजी!" त्याने वायरी जोडल्या, उंदराचं घरटं काढलं, हॉर्न गप्प केला. त्याच सुमारास पावसाने ओढ दिली. ऊन पडलं, गाडी वाळली. तोताराम म्हणाला, बघा, माझा मसाला बसला. हितेंद्र म्हणाला, माझं वायरिंग. पंडितभाऊंनी प्रमिलाकडून भाकरीला दादर मागून नेली.

रविवारी आम्ही निघालो. एरंडोलपर्यंत ऊन होतं. पारोळ्याला आभाळ भरून आलं, आणि पारोळा सोडता सोडता प्रमिला पाय वर घेऊन मांडी घालून बसली. संसारात काही गोष्टी विचाराव्या लागत नाहीत.

धुळ्याला अक्का दारातच उभी होती, काठीवर, नव्या पातळात. घर रोटांच्या वासाने भरलं होतं. कानबाईचे रोट फक्त त्या भावकीतल्या माणसांनी खायचे असतात; मी माहेरचा, म्हणून मला आणि प्रमिलाला वेगळं पिठलं-भाकरीचं ताट आलं. त्याबद्दल तक्रार नाही. मला गाडीसकट बोलावलं होतं आणि खरं बोलावणं गाडीला होतं. गल्लीतल्या बायका येऊन तिला हळदकुंकू लावून गेल्या. कुणीतरी वायपरला गजरा बांधला.

सोमवारी सकाळी पाऊस उघडला. अक्काला मागच्या सीटवर बसवलं, मांडीवर पाट, पाटावर कानबाई. पुढे बँड, मागे डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका, मध्ये मी, पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने. अक्का खिडकीतून ओळखीच्या प्रत्येक घराकडे बघत होती. "बापू, हळू," ती म्हणायची. त्याहून हळू गाडी जात नाही, पण मी हळू केली.

पांझरेच्या घाटावरचा उतार आला. मी ब्रेक दाबला, आणि खटकन चारही कुलपं लागली. अक्काच्या बाजूची काच आपली आपण खाली गेली ती गेलीच, आणि इंजिन बंद पडलं. पुढची दारं आतून कशीबशी उघडत होती. मागची उघडेनात. पोरं चालत्या गाडीत दार उघडतात म्हणून मागची दारं आतून न उघडण्याची कळ मीच दाबून ठेवली होती, आणि बाहेरून कुलूप बसलं होतं. अक्काला गुडघ्यांमुळे पुढच्या सीटवरून ओलांडून काढणं शक्य नव्हतं.

बँड थांबला. युवराज दार ओढत होता. "मामा, चावी!" चावी फिरवली, वायपर गजऱ्यासकट फिरला. कुणी म्हणालं, काच तर उघडीच आहे, दरवाजा मधून कापून काढू. प्रमिला म्हणाली, हितेंद्रला फोन लावा. एक बाई खिडकीशी आली आणि प्रेमाने म्हणाली, "अक्का, कानबाई इकडे द्या. आम्ही बुडवून आणतो. तुम्ही इथून बघा."

चांगला सल्ला होता. पाट खिडकीतून सहज निघाला असता. मी आरशात पाहिलं. अक्काने पाटावरचे हात काढले नाहीत. उंबऱ्यावर बसलेली होती तशी बसली होती, फक्त उंबरा आता चार चाकांचा होता आणि मी तो जळगावहून आणला होता.

अक्काच्या सासरी पानं-फुलं नदीत सोडतात आणि नारळ पाण्यात बुडवून परत घरी नेतात. बुडवायला हात पाण्याला लागावा लागतो. घाटाचा उतार सरळ पाण्यात जात होता. काठाशी पाणी संथ होतं, गुडघ्याच्या वर, दाराच्या निम्म्यापर्यंत येईल एवढं. मी प्रमिलाकडे पाहिलं.

"जाऊ द्या," ती म्हणाली. "नाहीतरी ओलीच आहे."

मी युवराजला सांगितलं, मागून गाडी धरून ठेवा, सोडू नका. गल्लीतली सगळी माणसं मागे लागली. मी हँडब्रेक सोडला. ज्या पाण्याला मी आषाढ-श्रावण तांब्याने बाहेर काढत होतो, त्यात गाडी हळूहळू उतरली. आधी चाकं, मग दिवे, मग पाणी दारांच्या खालून आत आलं, गार आणि गढूळ. माझ्या दोन्ही चपला पायातून सुटल्या. बायकांनी गाणं धरलं, बँडवाल्यांना उशिरा सुचलं. अक्काने खिडकीतून वाकून कानबाई दोन्ही हातांनी पाण्यात बुडवली, वर काढली, परत बुडवली. तिच्या पदराला पाणी लागलं. मग तिने नारळ पाटावर ठेवला, पानं-फुलं सोडली आणि ती लांब जाईपर्यंत बघत राहिली.

"युवराज, आता ओढा!" मी हाक दिली.

"थांब रे बापू," मागून अक्का म्हणाली. तिचे पाय पाण्यात होते. "पाय गार वाटतस. थोडं बसू. घाई काय शे?"

मी थांबलो. नाहीतरी गाडी सुरू होणार नव्हती.